भिडू शेजारी बसलेला असावा: एकत्र खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चार-पाच जण जमतात. सेंटर टेबल भिंतीला सरकवायचं, सतरंजी टाकायची, टीव्हीला कन्सोल लावायचा आणि रात्री अकरापर्यंत खेळायचं. बरीच वर्षं हे चाललंय, त्यामुळे ऑफिसातले, सोसायटीतले आणि नात्यातले लोक मला अधूनमधून तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून काढली. मतं माझी आहेत आणि ती खेळून खेळून झालेली आहेत.

ऑनलाइनसुद्धा मित्रांबरोबरच खेळतो की. मग एका खोलीत बसून खेळण्याचं एवढं काय?

ऑनलाइन मीही खेळतो. परदेशात गेलेल्या मित्राशी बोलायची माझी ती एकमेव नियमित जागा आहे, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण हेडफोनमधून फक्त आवाज येतो. शेजारी बसलेला माणूस गोल खाल्ल्यावर कसा पुढे सरकून बसतो, पेनल्टी घेताना श्वास कसा रोखून धरतो, हरतोय हे कळल्यावर पाय कसा हलवायला लागतो, हे सगळं मला खेळाइतकंच हवं असतं. कॅरममध्ये समोरचा राणी घ्यायला वाकला की आपण त्याच्या बोटाकडे बघतो, तसंच हे. आणि एक व्यवहारातला फरक: ऑनलाइन गेम संपला की माणूस बटण दाबून जातो. घरातला गेम संपला की चहा होतो.

तुला हे वेड लागलं कुठून?

साताऱ्याला, मामाच्या घरी, मे महिन्यात. मामेभावाकडे तो पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम होता. तो जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होता हे मला फार नंतर कळलं. आमच्यासाठी तो फक्त ‘गेम’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत तेच दहा-बारा खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे. चालू झाली नाही की कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची. खरं तर काढून घालण्यानेच पिना नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट त्या गंजतात. पण तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

त्यात कॉन्ट्रा होता. कोनामीने तो आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमधल्या मशीनसाठी, १९८७ साली काढला आणि घरच्या मशीनवर १९८८ साली आणला. दोन शिपाई, एक निळ्या पॅन्टचा, एक लाल पॅन्टचा, दोघं एकाच वेळी पडद्यावर. लाल माझा. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, मग दोघांसाठी सिलेक्ट आणि स्टार्ट: तीस लाइफ. हा कोड मला आजही पाढ्यासारखा येतो. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरने तो १९८६ साली ग्रॅडियस या गेमसाठी घातला होता, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम फार अवघड जात होता. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

पण मला कॉन्ट्राने जे शिकवलं ते तीस लाइफमध्ये नव्हतं, धबधब्याच्या स्टेजमध्ये होतं. तिथे पडदा वर सरकतो. एक जण भराभर वर चढला की खाली राहिलेला पडद्याच्या बाहेर जातो आणि मरतो. शत्रूने न मारता मरतो, भिडूच्या घाईने. दादा, म्हणजे मामेभाऊ, मोठा, त्याची उडी चपळ, मी खाली. पहिल्या दिवशी माझे बारा-पंधरा जीव त्या धबधब्यातच गेले. मी रडलो. दुसऱ्या दिवशी दादा प्रत्येक दगडावर थांबून ‘आलास का?’ विचारायला लागला. मी ‘आलो’ म्हटलं की पुढचा दगड. आणि माझ्या लाइफ संपल्या की कॉन्ट्रात भिडूच्या शिलकीतून एक उचलता यायची. दादाने ती कधी नाकारली नाही.

त्यानंतर मी कोणताही गेम बघताना एकच गोष्ट शोधतो: यात एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं का? थांबावं लागत असेल तर तो गेम आमच्या घरी येतो.

मारिओमध्येही टू प्लेयर होतं ना?

होतं, पण ते आळीपाळीने. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. मोठा भाऊ चांगला खेळत असेल तर धाकट्याने अर्धा तास नुसतं बघायचं. त्याला मी दोघांचा खेळ म्हणत नाही. दोघांचा पहिला गाजलेला खेळ त्याच्याही आधीचा आहे. १९७२ च्या पॉन्गमध्ये एकट्याने खेळायची सोयच नव्हती. दोन नॉब, दोन माणसं, मधे चेंडू. व्हिडिओ गेमचा धंदा उभा राहिला तोच शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांवर.

गेम पार्लरची काही आठवण?

मुस्तफा! त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. पण आमच्याकडे पार्लरवाल्यालाही ते नाव माहीत असेल असं वाटत नाही. पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा झाला. तीन जणांना एका वेळी खेळता यायचं आणि तिघं एकमेकांना ओळखत असायलाच हवेत असं नव्हतं. मी नाणं टाकून उभा असताना एखादा अनोळखी मुलगा येऊन न विचारता दुसरी जॉयस्टिक धरायचा आणि पुढची वीस मिनिटं आम्ही सख्खे भिडू असायचो. पडद्यावरच्या माझ्या खेळाडूचं रक्त कमी असेल तर जमिनीवर पडलेलं खाणं तो माझ्यासाठी सोडायचा. नाव न विचारता निघून जायचा. अशी माणसं मला पुढे फार थोड्या ठिकाणी भेटली.

हल्लीच्या मोठ्या गेममध्ये स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे दोघांत वाटलेला पडदा, का नसतं? आळस करतात का?

आळस म्हणणं अन्यायाचं होईल. कारणं दोन आहेत, एक यंत्राचं आणि एक पैशाचं.

यंत्राचं आधी. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. पडदा दोन भागांत वाटला की तेवढ्याच वेळात तेच जग दोन जागांहून काढावं लागतं. तुम्ही डोंगरावर, मी गुहेत. पूर्वीच्या गेममध्ये जग लहान होतं, सगळं एकदम मेमरीत मावायचं. आजच्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये खेळाडूच्या आसपासचा भागच डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवतात. दोन खेळाडू दोन टोकांना गेले की दोन्ही टोकं ठेवायला जागा हवी. बाल्डर्स गेट ३ चं उदाहरण घ्या. २०२३ साली तो पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर दोघांच्या स्प्लिट-स्क्रीनसह आला, पण एक्सबॉक्सवर रखडला. सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, सिरीज एसमध्ये १०. लहान भावंडावर दोन पडदे नीट चालेनात. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळून गेम त्याच वर्षी डिसेंबरात आला.

हॅलो या एक्सबॉक्सवरच्या बंदुकबाजीच्या मालिकेची गोष्ट मला जास्त लागते. २००१ च्या पहिल्या हॅलोची अख्खी कथा दोघांना एका टीव्हीवर खेळता यायची. ती त्या मालिकेची ओळखच होती. २०१५ च्या हॅलो ५ मध्ये स्प्लिट-स्क्रीन काढून टाकलं आणि लोक इतके चिडले की पुढच्या हॅलोत ते परत आणू असं सांगावं लागलं. मग २०२१ साली हॅलो इन्फिनिट आला, त्याचं जग मोकळं, आणि २०२२ च्या सप्टेंबरात जाहीर झालं की कथा एका टीव्हीवर जोडीने खेळायची सोय येणार नाही. मेमरीचं कारण मला समजतं. तरी मी म्हणेन, जग थोडं लहान करायचं होतं. वीस डोंगर कमी चालले असते. शेजारचा भिडू नाही हे चालत नाही.

पैशाचं कारण सोपं आहे. एका टीव्हीवर चौघे खेळले तर गेम एकच विकला जातो. तेच चौघे ऑनलाइन खेळले तर चार गेम आणि चार कन्सोल.

मग आज घ्यावं काय? नावं सांग.

कोण खेळणार त्यावर आहे, म्हणून मी उलट विचारतो: घरात सगळ्यात कच्चं कोण आहे? त्या माणसाला धरून गेम निवडा.

ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नाही त्यांच्यापासून मी ओव्हरकुक्डने सुरुवात करतो. २०१६ चा गेम आहे. एक स्वयंपाकघर, ऑर्डरी येत राहतात, कोणी चिरायचं, कोणी शिजवायचं, कोणी भांडी घासायची. सुरुवातीला कांद्याचं सूप असतं, एका भांड्याला तीन कांदे. आमच्या शेजारच्या काकूंनी आयुष्यात गेम खेळला नव्हता. पाचव्या मिनिटाला त्या आम्हा तिघा इंजिनिअरांना ‘अरे तू चिरतच राहा, ताटं मी बघते’ म्हणून कामाला लावत होत्या. मंगलकार्यात शंभर पानं वाढलेल्या बाईला तो गेम आमच्यापेक्षा आधी कळला. चुलीवरचं विसरलं तर आग लागते, तेव्हा तर त्या सोफ्यावरून उठूनच उभ्या राहिल्या. ज्यांना घाई सोसत नाही त्यांच्यासाठी नंतरच्या एकत्रित आवृत्तीत मदतीचा मोड आहे. त्यात वेळ वाढवून मिळतो.

मारामारी आवडणाऱ्यांसाठी २०२२ चा टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स: श्रेडर्स रिव्हेंज. पीसीवर आणि स्विचवर एका पडद्यावर सहा जण खेळू शकतात. मुस्तफाची सय येते. कपहेड फार सुंदर आहे, जुन्या कार्टूनसारखा हाताने काढलेला, पण अवघड. त्यात भिडू मेला की त्याचा आत्मा वर तरंगत जातो आणि तुम्ही वेळेवर उडी मारून त्याला थापटलंत तर तो परत येतो. लढाई सोडून भिडूकडे धावायचं की नाही हे दर वेळी ठरवावं लागतं. मी धावतो.

शांत काही हवं असेल तर स्टारड्यू व्हॅली. एकाच माणसाने बनवलेला शेतीचा गेम. २०२० च्या डिसेंबरात त्यात स्प्लिट-स्क्रीन आलं. बायको मासे धरते, मी पाणी घालतो, पावसाळ्यातल्या रविवारी यासारखं दुसरं काही नाही. पैसे खर्च करायचे नसतील तर रॉकेट लीग: मोटारींचा फुटबॉल, २०२० पासून फुकट, पडदा वाटून खेळता येतो. आणि फुटबॉलचे दरवर्षीचे गेम आहेतच. त्याबद्दल मी काय सांगणार, ते तुमच्या प्रत्येक मित्राकडे आहेत.

नवऱ्याला गेमचं वेड आहे, मला नाही. आम्ही दोघांनी काय खेळावं?

हा प्रश्न मला तीन वहिनींनी विचारलाय आणि तिघींना एकच उत्तर दिलं: इट टेक्स टू. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा, २०२१ चा. एकट्याने तो सुरूच होत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं एक जोडपं लहानशा बाहुल्यांमध्ये अडकतं. प्रत्येक भागात दोघांच्या हातात वेगळी हत्यारं देतात, एकीकडे हातोडा, दुसरीकडे खिळे. खिळे मारल्याशिवाय हातोड्याला लटकायला जागा नाही. वेडा नवरा कितीही पटाईत असला तरी तुमच्या खिळ्यावाचून तो जागचा हलत नाही. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये हा सर्वोत्तम गेम ठरला तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या. त्यांचाच स्प्लिट फिक्शन २०२५ च्या मार्चमध्ये आला, तोही दोघांचाच, पण उड्या जरा कठीण आहेत. आधी इट टेक्स टू.

एक विनंती नवऱ्यांना. बायकोच्या हातातला कंट्रोलर ‘दे, मी करून देतो’ म्हणत घेऊ नका. ती उडी तिला पंधरा वेळा चुकू द्या.

लहान मुलाला खेळायला घ्यावं का? माझा पाच वर्षांचा आहे, मोठ्या मुलीबरोबर हट्ट करतो.

घ्यावं. आपल्याकडे यासाठी शब्दच आहे: कच्चा लिंबू. लगोरी असो की लपंडाव, लहानग्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. गल्लीतल्या पोरांनी कोणी न शिकवता काढलेला नियम आहे हा, आणि मला तो खेळाच्या इतिहासातल्या मोठ्या शोधांपैकी एक वाटतो.

घराघरांत काय करतात ते मला माहीत आहे. धाकट्याच्या हातात बंद कंट्रोलर देतात आणि सांगतात, तो बघ तू पळतोयस. कृपा करून असं करू नका. मला लहानपणी असा एक वायर न जोडलेला रिमोट मिळाला होता. दुसऱ्या दिवशी वायर दिसली तेव्हा मी ज्या कोपऱ्यात जाऊन बसलो तो कोपरा मला अजून आठवतो. कच्चा लिंबू खेळात असतो. बंद रिमोटवाला खेळाबाहेर असतो आणि त्याला ते सांगितलेलं नसतं.

आता असे गेम आहेत ज्यांत कच्च्या लिंबाची सोय आतच केलेली आहे. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये स्मार्ट स्टिअरिंग चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर जात नाही, आणि गाडी आपोआप पुढे जाईल असंही ठेवता येतं. पोराने फक्त वळवायचं आणि हाती आलेलं फेकायचं. शिवाय मागे पडलेल्याला जोरदार हत्यारं मिळतात, त्यामुळे शेवटचा कधीच पुरता हरलेला नसतो. २०२३ च्या सुपर मारिओ ब्रदर्स वंडरमध्ये योशी आणि नॅबिटला शत्रू लागला तरी इजा होत नाही. त्यात खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत. २००९ च्या, वी नावाच्या कन्सोलवरच्या मारिओत धडकायचे, आणि बहिणीने भावाला दरीत ढकललं की घरात महायुद्ध व्हायचं. वंडरमध्ये एक जण मेला तर पाच सेकंद भूत होऊन फिरतो आणि तेवढ्यात भिडूला शिवला की परत जिवंत. शिवला की जिवंत! विषामृतच की हे. कुठे मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडोचं क्योटो, कुठे आपली शाळेची मधली सुट्टी.

तुमच्या मुलीला एकच सांगा: धाकट्याला योशी घेऊ दे, आणि तो योशी आहे म्हणून चिडवायचं नाही.

आजी-आजोबांना?

लुडो किंग. एका फोनवर किंवा टॅबवर, फोन हातोहात फिरवत. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली काढलेला आणि टाळेबंदीत घराघरांत पोचलेला. माझ्या आजीला त्यात एकच खटकायचं: फासा आपल्या हाताने टाकता येत नाही. मग आम्ही तिच्या पाळीला खरा फासा सतरंजीवर टाकायचो आणि तो आवाज झाला की ती बोटाने पडद्यावरचा टाकायची.

क्रिकेटचा चांगला गेम कोणता?

दोघांत खेळायला मी अजून ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ लावतो. खूप जुना आहे, पण आपल्याकडे लोकांनी नवनव्या संघांचे पॅच घालून तो जिवंत ठेवलाय. एका पडद्यावरच्या क्रिकेटची मूळ अडचण मात्र सुटलेली नाही. बोलर टप्पा कुठे ठेवतोय त्याची खूण बॅट्समनलाही दिसते. म्हणून आम्ही नियम केला: बोलर रनअपला निघेपर्यंत बॅट्समनने डोळे मिटायचे. विश्वासावर चालतं. वीस-वीस ओव्हर नको, पाच पुरे, नाहीतर बाकीचे तिघं पंख्याकडे बघत बसतात.

कन्सोलच हवा का? लॅपटॉपवर जमेल?

जमेल, आणि नव्याने सुरू करणाऱ्याला मी तेच सांगतो. घरातला लॅपटॉप, टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर आणि दोन बरे कंट्रोलर. वर सांगितलेले बरेचसे छोटे गेम साध्या लॅपटॉपवर पळतात. एक्सबॉक्सच्या पद्धतीचे कंट्रोलर विंडोज चारपर्यंत ओळखतं, म्हणजे चार माणसांची सोय झाली. कंट्रोलर मात्र अगदी स्वस्त घेऊ नका. आतले काठीची हालचाल मोजणारे पोटेन्शिओमीटर झिजले की काठी सोडली तरी खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. हॉल इफेक्ट सेन्सरवाले थोडे महाग पडतात पण चुंबकावर चालतात, घासून झिजत नाहीत.

मुलं लहान असतील आणि बजेट असेल तर निन्टेंडो स्विच. त्याच्या दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन काढून आडवे धरले की तिथल्या तिथे दोघांचे दोन कंट्रोलर. ट्रेनमध्येसुद्धा आम्ही असे खेळलोय, फळीवर स्विच उभा करून, पुणे ते मुंबई. एवढं लक्षात ठेवा की निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, दुकानात मिळतो तो बाहेरून आणलेला माल असतो. वॉरंटी दुकानदाराला नीट विचारून घ्या.

बटण दाबल्यावर टीव्हीवर उशिरा उडी मारतो. गेम खराब आहे का?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. चित्र सुंदर करण्यात टीव्ही जो वेळ घालवतो तो वाचतो. दहापैकी आठ घरांत माझं एवढंच काम असतं.

भांडणं होतात. काय करायचं?

होणारच. आमचे काही ठरलेले नियम आहेत.

‘हरणारा उठणार’ हा पार्लरचा नियम घरी लावू नका. पार्लरमध्ये नाण्याची गोष्ट होती. घरी तो लावला की चांगला खेळणारा तीन तास बसून राहतो आणि कच्चा माणूस दर तासाला चार मिनिटं खेळतो. आम्ही दोन डाव झाले की जिंकलेल्यालाही उठवतो.

टाइम प्लीज मागितलं की पॉज. कारण विचारायचं नाही. आई हाक मारत असेल, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतील. पण गोल होत असताना मागितलेलं टाइम प्लीज हा रडीचा डाव, तो चालत नाही.

वाटलेल्या पडद्यावर दुसऱ्याच्या भागात डोकावणं ही चोरी नाही. यावर आमच्याकडे खूप वाद झाले. माझं मत पक्कं आहे: पडदा सगळ्यांचा आहे, दिसतंय ते दिसतंय. तू कुठे लपलायस हे मला दिसतं तसं मी तुला शोधतोय हे तुलाही दिसतं. डाव त्याच्यावर बसवायचा.

आणि टेकन या मारामारीच्या गेममध्ये एडी हा लढवय्या घेऊन नुसती बटणं बडवून जिंकणाऱ्याला काहीही बोलायचं नाही. त्याने सगळ्यांदेखत जिंकलंय. टेकन ३ पासून हे चालत आलंय. उत्तर शोधायचं असेल तर खाली वाकून ब्लॉक करायला शिका.

मित्र दुसऱ्या गावाला आहे. आमचा गेम फक्त एका खोलीतलाच आहे. काही मार्ग?

आहे. २०१९ पासून स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात रिमोट प्ले टुगेदर म्हणून सोय आहे. गेम तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतो, त्याला चित्र जातं, त्याच्या कंट्रोलरची बटणं तुमच्याकडे येतात. गेम फक्त तुम्ही घेतलेला असला तरी चालतं. नेट बरं लागतं, तुमच्या बाजूचा अपलोड विशेष. इट टेक्स टू आणि स्प्लिट फिक्शनमध्ये तर फ्रेंड्स पास आहे, एकाने विकत घेतला की दुसरा फुकट जोडीला येतो.

मोबाइलवर असं काही?

मिनी मिलिशिया. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं, नेटची गरज नाही. लेक्चर रद्द झालं की पाच मिनिटांत अख्खं टेबल माना खाली घालून बसायचं आणि मधेच कोणीतरी ओरडायचं, ‘स्नायपर कोणाकडे आहे?’ पडदे वेगळे, पण माणसं एका टेबलावर, म्हणून मी तो आपल्यात धरतो.

मराठीत गेम आहेत का?

एकत्र खेळण्यासारखा मोठा गेम मराठीत अजून मी खेळलेला नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. पुण्यात चांगलं काम करणारी माणसं आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली केलेला राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक इथलाच. दिसायला देखणा आहे, पण एकट्याने खेळायचा.

तोपर्यंत मी भाषेवरून गेम निवडतो. जॅकबॉक्सच्या पार्टी गेममध्ये प्रत्येकाचा फोन हाच कंट्रोलर असतो, कल्पना उत्तम, पण सगळा विनोद इंग्रजीत. अर्ध्या खोलीला हसू उशिरा येतं. उलट ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ घ्या. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी करायची कागदी पुस्तिका. बॉम्बवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्यांनी पडदा बघायचा नाही. पुस्तिका वाचणारा एक जण इंग्रजी जाणणारा असला की पुढचं सगळं बोलणं आपलं. ‘लाल वायरीच्या खालची, नाही नाही, ती नाही, डावीकडून तिसरी!’ हे मराठीत ओरडण्यात जी मजा आहे ती आहे.

खायला काय ठेवायचं?

हात तेलकट होणार नाहीत असं. चिवडा, फरसाण, वेफर्स कंट्रोलरच्या फटीत जातात आणि बटण चिकटायला लागतं. भेळ चमच्याने. शेंगदाणे, फुटाणे, काकडी उत्तम. वडापाव मध्यंतरात, खाऊन झाल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे, पाहुण्यांनीसुद्धा.

मला नीट खेळता येत नाही. शनिवारी आलो तर चालेल का?

या. साडेसातला सुरू करतो. पहिला डाव नवीन माणसाच्या आवडीचा असतो आणि त्याच्या जोडीला मी बसतो. कंट्रोलर असेल तर चार्ज करून आणा, आमच्या चारपैकी एकाची बॅटरी तासाभरातच बसते.